मांडवा ते रत्नागिरी बाईकने, किनारा न सोडता. गुरुवार ते रविवार पुरतील का?

भटका_३५०
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटी मी आणि बायको बुलेटवर निघायचं म्हणतोय. गुरुवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, मग समुद्राच्या कडेकडेने जंगलाजंगलातून जितकं खाली जाता येईल तितकं, जमलं तर रत्नागिरी, आणि रविवारी रात्री घरी. येताना हायवे चालेल पण जाताना अजिबात नको. मॅपवर मुरूड ते श्रीवर्धन हाताच्या अंतरावर दिसतं आणि वेळ मात्र भलताच दाखवतो, असं का? फेरीत बाईक घेतात ना? आणि थोडं रात्रीचं चालवून अंतर मारलं तर चालेल का?

सड्यावरचा
दादा, मी दापोलीकडचा. या रस्त्यावर किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा. रत्नागिरीपर्यंत चार मोठ्या लागतात आणि चारही बोटीने पार करायच्या, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. आमच्याकडे जंगलजेटी म्हणतात, बाईक काय ट्रकसुद्धा चढतो. पाण्यावर फार वेळ जात नाही, जातो तो धक्क्यावर थांबण्यात, आणि बोट चुकली तर बाणकोट खाडीला आंबेतच्या पुलावरून वळसा आणि दाभोळला चुकली तर खेड-चिपळूणकडून फिरून या, म्हणजे अर्धा दिवस गेलाच समजा. म्हणून शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारायची आणि त्या हिशोबाने मुक्काम ठरवायचा. सुट्टे पैसे जवळ ठेवा, खाडीच्या काठाला रेंज जाते.
वेसवीनंतर थेट दापोलीला पळू नका. केळशीवरून आडे, पाडले, आंजर्ले असे या, मध्ये मध्ये रस्ता अगदी पाण्याला लागून आहे. आणि संध्याकाळी हर्णैला पोचलात तर बंदरावर मासळीचा लिलाव असतो, समोर सुवर्णदुर्ग, तो बघाच.

रानवाट
रात्रीचं चालवू नका, मी बाई आहे म्हणून भीतीने सांगत नाहीये, मी एकटी फिरते या भागात. प्रश्न रस्त्याचा आहे. घाट अरुंद, वळणापलीकडचं काही दिसत नाही, कडेला जांभ्याची बारीक खडी पसरलेली आणि समोरून एसटी आली की अख्खा रस्ता तिचा. अंधार पडला की गुरं रस्त्यावर बसतात, रानडुकरं आडवी येतात. आणि मुळात जंगल बघायला निघालात तर ते अंधारात पार करून काय मिळणार?
काशीद ते मुरूड जाताना डाव्या हाताला जो डोंगर दिसतो ना तिथे फणसाड अभयारण्य आहे, साधारण ७० चौरस किमी, १९८६ ला जाहीर झालं, त्याआधी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. शेकरू आहे तिथे. अर्धा दिवस द्या त्याला, सकाळी लवकर, बाईक बाहेर ठेवून पायी. दिघीला उतरलात की दिवेआगरवरून शेखाडी मार्गे श्रीवर्धन गाठा, एका बाजूला झाडीचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मला तर अख्ख्या किनाऱ्यात हा तुकडा सगळ्यात आवडतो.
माझं स्पष्ट मत, रत्नागिरी सोडा. गुहागरला शेवटचा मुक्काम करा आणि रविवारी चिपळूणवरून हायवे पकडा.

खाडीपार
ताईंचं रात्रीबद्दल शंभर टक्के बरोबर, पण रत्नागिरी सोडा म्हणणं मला पटत नाही. हेदवी, तवसाळ, मग जयगडला उतरून मालगुंड, गणपतीपुळे आणि पुढे आरे-वारे, तिथे रस्ता वर चढतो आणि खाली दोन्ही किनारे एकदम उघडतात, त्यासाठी लोक लांबून येतात. कमी करायचंच तर वरचं करा. अलिबाग-मुरूड मुंबईकराला कुठल्याही शनिवार-रविवारी होतं, त्यापेक्षा गुरुवारी थेट श्रीवर्धन गाठा आणि तिथून किनारा धरा.

रानवाट
@खाडीपार, होतं पण, मग रविवारी रत्नागिरीहून मुंबई एका दमात, साडेतीनशेच्या आसपास किमी, मागे माणूस बसलेलं. त्यांच्या पाठीचा पण विचार करा ना.

भटका_३५०
बायकोला दोन्ही वाचून दाखवलं, ती म्हणाली फणसाड आणि शेखाडी सोडायचं नाही. म्हणजे गुहागरपर्यंतच. मुक्काम मुरूड, मग हरिहरेश्वर, मग गुहागर. दुसऱ्या दिवशी फणसाड करून निवांत निघू. बाईक किनाऱ्यावर उतरवलेली चालते का, फोटोसाठी?

सड्यावरचा
नाही, कृपा करून नको. वाळूवर गाडी घालायला बंदी आहे आणि चाक रुतलं की भरतीच्या आत काढणं कठीण. आणि नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला लागतात, वेळास, आंजर्ले, केळशी सगळीकडे. गावातली पोरं पहाटे उठून घरटी शोधतात, कुंपण घालून जपतात, वाळूतलं घरटं वरून दिसत नाही, त्यावरून चाक गेलं तर संपलं. सुरूच्या बनाबाहेर गाडी लावा आणि चालत जा.
हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची, लाट वर येते तिथे आणि माणसं गेलीयत. श्रीवर्धनला टाकी फुल करा, नंतर दापोलीपर्यंत भरवसा ठेवू नका. तिसऱ्या दिवशीचं अंतर मोठं आहे, दाभोळची बोट दुपारी चारच्या आत पकडा म्हणजे उजेडात गुहागर. घरी गेल्यावर गोड्या पाण्याने गाडी धुवा, चेनला तेल द्या, खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो.