मदत हवी आहे: ऑगस्टमध्ये आईला घेऊन नाशिकच्या वायनरी बघायच्यात, पावसात जाण्यात अर्थ आहे का?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्याला असतो. ऑगस्टमध्ये मला आणि नवऱ्याला एकदमच सुट्टी मिळतेय आणि सोबत आई असणार, तर दोन रात्री नाशिकला राहून वायनरी बघाव्यात असं चाललंय. ज्याला सांगावं तो म्हणतो जानेवारी ते मार्चमध्ये जा, तेव्हा वेलींना द्राक्षं असतात, तोडणी चालू असते, आत्ता नुसता पाला बघायला कशाला जाताय. पण तेव्हा सुट्टी शक्यच नाही, आणि सीझनमधली शनिवार-रविवारची गर्दी आईला झेपणारही नाही.

आईचं माहेर पिंपळगाव बसवंत. घरची थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची, बाग होती, आता काढली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डावणी, भुरी हे रोग, बोर्डोच्या औषधाची फवारणी हे सगळं बघत ती वाढली, पण वाईनची बाग तिने कधी आतून बघितली नाही. ती वाईन पीत नाही, पिणारही नाही, पण शिराझ-कॅबर्ने या वाईनच्या द्राक्षांच्या वेली मांडवावर चढवतात का, पावसात डावणीचं काय करतात हे तिला मनापासून बघायचंय. तिचं म्हणणं असं की पावसाळ्यातच बाग बघावी, पुढच्या हंगामाचे घड तेव्हा काडीच्या डोळ्यात, म्हणजे न फुटलेल्या कोंबात, धरलेले असतात, आपल्याला दिसत नाहीत एवढंच. मला ते पटतं.

तर विचारायचंय हे की या दिवसांत वायनरीच्या टूरमध्ये नक्की काय दाखवतात? क्रशिंग मार्चपर्यंत संपलेलं असतं, मग टाक्या बंदच असतात का? टूर सांगणारा माणूस बागेबद्दल खोलात बोलतो की पाच मिनिटांत टेस्टिंगच्या टेबलाशी आणून बसवतो? (एका ठिकाणी असा अनुभव आलाय, नाव लिहीत नाही.) न पिणाऱ्या माणसाला नुसती टूर करता येते का? आणि आईचे गुडघे दुखतात, चिखलात फार चालणं नको. गाडी आमची आहे पण टेस्टिंग करून नवऱ्याने गाडी चालवायची नाही हे पक्कं ठरलंय, त्यामुळे तिथे दिवसभरासाठी टॅक्सी करावी का तेही सांगा.

प्रतिसाद १

नाशिककर आहे, गंगापूर रोडला राहतो. बिनधास्त या, फक्त मंगळवार-बुधवार असं बघून या. पावसाळ्यात मुंबई-पुण्याची गर्दी शनिवार-रविवारी इकडे असतेच, धरण आणि धबधब्यांसाठी, त्यामुळे ऑफ-सीझन हा आठवड्यातल्या मधल्या दिवसांपुरताच समजा. आणि श्रावणी सोमवार टाळाच, त्यातही तिसरा, ब्रह्मगिरीच्या फेरीला एवढी माणसं येतात की त्र्यंबक रोडच्या बाजूला गाडी घालण्यात अर्थ नाही.

टाक्यांचं म्हणाल तर क्रशिंगची धावपळ नसते हे खरं, पण रेड वाईन बॅरलमध्ये मुरत असते, ती खोली बघण्यासारखी असते. आणि सांगणाऱ्या माणसाला वेळ असतो हा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा, मार्चमध्ये तो मागून येणाऱ्या लोकांच्या बॅचकडे बघत घाईघाईत बोलतो.

आईंना सांगा वाईनच्या वेली बहुतेक मांडवावर नसतात, तारांवर उभ्या भिंतीसारख्या बांधतात, घड खाली एका ओळीत, वारा-ऊन लागेल असे. आणि आपण थॉमसनचा मणी फुगवायला जीएचं (जिबरेलिक ॲसिड) डिपिंग करतो, म्हणजे घड त्यात बुडवतो ना, इथे नेमकं उलटं, मणी लहानच हवा, कारण रेडचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. त्या बागायतदाराच्या घरच्या आहेत म्हणजे हे बघून शंभर प्रश्न विचारतील, विचारू द्या.

प्रतिसाद २

दोन भाग करा. ठाण्याहून येताना घोटीच्या बाजूला कावनईला व्हॅलोन आणि सांजेगावला ग्रोव्हर झांपा आहे, यातली एकच करा. दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणाच्या बाजूची सुला, यॉर्क, सोमा ही एकमेकांच्या जवळ आहेत, तिथेही दोनच्या वर नकोत. टॅक्सी दिवसभराची करा, परतीला तिकडून लगेच गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. १५ ऑगस्टला ड्राय डे, टेस्टिंग मिळणार नाही. न पिणाऱ्यांसाठी आणि चालण्याचं काय ते आधी फोन करून विचारा, प्रत्येकाचे नियम वेगळे. सकाळी साधना हॉटेलची चुलीवरची मिसळ खाऊन निघा, पण आईंना तिखट चालत असेल तरच.

कसारा घाट धुक्यात नको वाटत असेल तर भिवंडीजवळच्या आमणेपासून समृद्धीने थेट इगतपुरीला उतरा, जून २०२५ पासून तो टप्पा सुरू झालाय.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! जीए आणि लहान मण्याचं आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली मग त्यांचं विरळणीचं (घडातले जास्तीचे मणी काढायचं) काम कसं चालतं तेही विचारायला हवं, आता वहीच काढून बसलीये. मंगळवारी निघून गुरुवारी परत असं ठरवतोय, पहिल्या दिवशी कावनई, बुधवारी गंगापूरची बाजू. आता एकच, घोटीहून कावनईला जाणारा रस्ता पावसात कसा असतो? हल्ली कोणी गेलं असेल तर प्लीज लिहा, म्हणजे त्याप्रमाणे ठाण्याहून निघायची वेळ ठरवता येईल.