चक्रीय चौकोन: ∠बकड 28° की 104°?

कळवा_पालक
मुलगी दहावीला, राज्य मंडळ, मराठी माध्यम. सरावाचं गणित असं आहे: अबकड हा चक्रीय चौकोन, म हे वर्तुळकेंद्र. बाजू बक ही क च्या पुढे इ पर्यंत वाढवली आहे. ∠डकइ = 76°, ∠डबक = 32°, बाजू अब = बाजू अड. कर्ण न मध्ये छेदतात. चौकोनाचे चारही कोन, ∠बमड आणि ∠अनब काढायचे आहेत.
तिने ∠बमड = 152° काढला. मग चौकोन मबकड घेऊन 180 − 152 करून ∠बकड = 28° लिहिलं. पण 76° वरून सरळ 104° येतो. चुकतंय कुठे?

भूमिती_वाशी
152° बरोबर आहे, त्यापुढची पायरी चुकली. संमुख कोन पूरक असण्यासाठी चारही शिरोबिंदू वर्तुळावर असावे लागतात. मबकड मध्ये म हा केंद्रबिंदू आहे, तो वर्तुळावर नाही. त्यामुळे ते प्रमेय इथे लागूच होत नाही. आकृतीत केंद्र दिसलं की दहापैकी निम्मी मुलं इथेच फसतात, कारण चार बाजू दिसतात आणि तीन बिंदू वर्तुळावर असतात.

मबकड साठी साधी 360° ची बेरीजच वापरायची. मब = मक = मड या त्रिज्या. ∠बमक = 88° आणि ∠कमड = 64° (कसे, ते खाली कोणीतरी लिहीलच), म्हणून ∠मबक = 46° आणि ∠मडक = 58°. आता 152 + 46 + 104 + 58 = 360. 28° घेतला तर ही बेरीज 284 येते. चूक इथेच पकडता येते.

ऐरोली_गणित
मी अशा गणितात कोनांच्या मागे न लागता आधी चारही कंस काढायला सांगतो. कोन त्याच्या समोरच्या, म्हणजे शिरोबिंदू ज्यावर नाही त्या कंसाच्या निम्मा.

∠डबक = 32°, म्हणून कंस कड = 64°.
∠बअड = ∠डकइ = 76° (चक्रीय चौकोनाचा बाह्यकोन संलग्न कोनाच्या संमुख कोनाएवढा), म्हणून क मधून जाणारा कंस बड = 152°. त्यातून 64 वजा केले की कंस बक = 88°.
उरले 360 − 152 = 208°. जीवा अब = जीवा अड, म्हणून कंस अब = कंस अड = 104°.

आता सगळं हातात आलं:
∠बकड = 208 ÷ 2 = 104°
∠अबक = (104 + 64) ÷ 2 = 84°
∠अडक = (104 + 88) ÷ 2 = 96°
84 + 96 = 180, जुळलं.

∠अनब साठी त्रिकोण अनब घ्या: ∠अबड = 104 ÷ 2 = 52°, ∠बअक = 88 ÷ 2 = 44°, उरला 84°. तो ∠अबक एवढाच आला ते अब = अड मुळे. दरवेळी असं होईल असं धरू नये.

घोडबंदर_शिकवणी
वरच्या उत्तराला एक जोड. परीक्षेत नुसते आकडे चालत नाहीत, प्रत्येक ओळीपुढे कारण लागतं. 'कृती पूर्ण करा' प्रकारात तर चौकटी बहुतेक कारणांच्याच असतात. तिला ही चार कारणं तोंडपाठ हवीत: अंतर्लिखित कोनाचे प्रमेय, चक्रीय चौकोनाचे प्रमेय, बाह्यकोनाचे उपप्रमेय, आणि एकरूप जीवांचे संगत कंस एकरूप. "आकृतीत दिसतं" हे कारण होत नाही.

उत्तर तपासायचं असेल तर 5 सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, केंद्राशी कोनमापकाने ओळीने 104°, 88°, 64°, 104° खुणा करा. अब आणि अड सुमारे 7.9 सेमी, बक 6.9 आणि कड 5.3 यायला हव्यात. शेवटची खूण सुरुवातीच्या त्रिज्येवर नेमकी बसली नाही तर कोनमापकाचा मध्य केंद्रावर नव्हता.

कळवा_पालक
कंसांची पद्धत तिला पटली. अजून एक: ∠अ : ∠ब : ∠क = 2 : 3 : 7 असं दिलं आणि ∠ड विचारला, तर तीनही भाग मिळवून 12 चे 180 करायचे का?

भूमिती_वाशी
नाही. संमुख जोडी अ आणि क ची आहे, म्हणून 2 + 7 = 9 भाग म्हणजे 180°, एक भाग 20°. ∠अ = 40°, ∠क = 140°, ∠ब = 60°, आणि ∠ड = 180 − 60 = 120°. 12 भाग 180° ला धरले तर एक भाग 15° येतो आणि अ + क = 135° होतात, म्हणजे चौकोन चक्रीयच राहत नाही. ब हा ड चा जोडीदार. त्याला पहिल्या बेरजेत घ्यायचंच नाही.