ऑनलाईन सातबाऱ्यावर २ एकराचे १८ गुंठे झालेत, दुरुस्ती कुठून करायची?

बांधावरचा: मंडळी जरा मदत करा. वडिलांची जमीन ०.८१ हेक्टर म्हणजे २ एकर, जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर बरोबर आहे. काल पीक कर्जासाठी १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला तर त्यावर ०.१८! आकडे उलटे पडलेत हे शेंबडं पोर पण सांगेल. तलाठी म्हणतात तहसीलला जा, तहसीलवाले म्हणतात तलाठ्याचा अहवाल आणा, आणि बाहेर बसलेला एकजण म्हणतो दोन हजार द्या, करून देतो. बँकेला ऑनलाईनच पाहिजे, जुना उतारा हातात पण घेत नाहीत.

जुना कारकून: दोन हजार देऊ नका. हा लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेली चूक, जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५. तहसीलदारांच्या नावे अर्ज करा, सोबत हस्तलिखित सातबारा आणि त्यानंतरचे फेरफार (जमिनीच्या नोंदीतले बदल) यांच्या प्रमाणित नकला, घरातली झेरॉक्स चालत नाही, तहसीलच्या अभिलेख कक्षातून (जुनी कागदपत्रं ठेवतात तिथून) काढा. अर्ज आवकला (टपाल घेतात त्या टेबलावर) देऊन शिक्क्याची पोच घ्या. अहवाल तहसीलदार मागवतात, तो तुम्ही आणायचा नसतो. आदेश झाला की तलाठी फेरफार धरतो, मंडळ अधिकारी मंजूर करतो, तेव्हा कुठे ऑनलाईन आकडा हलतो.

विहीर_मोटर: ई-हक्कवर (महसूल खात्याचं ऑनलाईन अर्जाचं पोर्टल) पण आहे की, हस्तलिखित आणि संगणकीकृत मधल्या तफावतीचा अर्ज. वारस नोंद मी तिथूनच केली. पण खरं सांगू, ऑनलाईन टाकून गप बसलात तर बसूनच राहाल, प्रिंट घेऊन जाऊन भेटा.

रानवारा: आमच्या आजीचं सखूबाईचं सुखबाई केलं होतं 😀 चुका कळाव्यात म्हणून गावात सगळ्यांसमोर सातबारे वाचतात ते चावडी वाचन झालं त्या दिवशी आम्ही लग्नाला, मग कोण ऐकणार. आणि हो, ८अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) पण काढून बघा, तिथं पण चुकलं असेल तर अर्जात दोन्ही लिहा, नाहीतर परत हेलपाटा.

बांधावरचा: आत्ताच काढला, ८अ वर पण ०.१८च. आता कळलं ई-पीक पाहणीत (मोबाईलवरून पीक नोंदवायचं ॲप) सोयाबीन १८ आरच्या, म्हणजे ०.१८ हेक्टरच्या, वर का घेत नव्हतं, मी उगाच मोबाईलला शिव्या घालत होतो. उद्या नकलांचा अर्ज टाकतो. @जुना कारकून, अर्जावर कोर्ट फी तिकीट लागतं का?

जुना कारकून: लावा एक, परत पाठवायला कारण नको.