मदत हवी आहे: कॉस्टिकच्या टाकीजवळ डोळे धुण्याची सोय करताना उन्हाळ्यातील तापलेल्या पाण्याचे काय करावे?

नमस्कार. इचलकरंजीतील एका कापड प्रोसेस कारखान्यात मर्सरायझिंग (सुती कापडाला चकाकी व बळकटी देण्यासाठी त्यावर कॉस्टिकची प्रक्रिया करणे) विभागाची देखरेख माझ्याकडे आहे. तेथे कॉस्टिक सोड्याचे फ्लेक्स पाण्यात टाकून लाय (कॉस्टिकचे तीव्र द्रावण) तयार करतात. फ्लेक्स विरघळताना भरपूर उष्णता निघते आणि द्रावण उसळून अंगावर येऊ शकते. गॉगल दिलेले आहेत, परंतु घामाने काच धुरकट झाली की कामगार ते कपाळावर सरकवतात. म्हणून टाकीजवळच आय वॉश (डोळे धुण्याचा फवारा) बसवायचा आहे.

आम्ल डोळ्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने गोठवते आणि त्या थरामुळे बहुतेक वेळा त्याची पुढची वाट काही प्रमाणात अडते. अल्कली (कॉस्टिक सोडा, चुना यांसारखे क्षारीय पदार्थ) मात्र पेशींच्या आवरणातील स्निग्ध भाग विरघळवत आत उतरत राहते. तंबाखूच्या डबीतील चुना मुलांच्या डोळ्यात गेल्यास इतकी गंभीर इजा होते, तीही याच कारणाने. त्यामुळे दवाखान्याकडे धावण्यापूर्वी, तिथल्या तिथे आणि लगेच, पापण्या उघड्या धरून पाण्याने डोळे धुणे हाच पहिला उपचार आहे.

आपल्याकडे यासाठी आयएस १०५९२ हे मानक आहे. अमेरिकेच्या एएनएसआय झेड ३५८.१ मानकानुसार मिनिटाला किमान १.५ लिटर पाणी सलग १५ मिनिटे मिळावे, तेथवर १० सेकंदांत पोहोचता यावे आणि पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअस असावे. सध्या भिंतीवर टांगलेली अर्ध्या लिटरची बाटली या वेगाने २० सेकंदांत रिकामी होईल, तेव्हा तिच्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

माझी अडचण पाण्याची आहे. गच्चीवरील काळ्या प्लास्टिकच्या टाकीतील पाणी एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हात घालवत नाही इतके तापते. तसल्या पाण्याखाली कोणी १५ मिनिटे डोळे धरू शकणार नाही. जमिनीखालच्या टाकीतील पाणी गार असते, पण वीज गेली की पंप बंद पडतो. अशा ठिकाणी सावलीत, थोड्या उंचीवर स्वतंत्र छोटी टाकी ठेवून केवळ उतारावर पुरेसा प्रवाह कोणी मिळवला आहे का? आय वॉशच्या तोंडापासून टाकी किती उंच ठेवली, नळी किती व्यासाची वापरली, आणि साचलेले पाणी दर आठवड्याला सोडून देण्याचे काम पाळीतील कोणाकडे सोपवले, हे प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.