‘शिष्यत्व जगणे’ हे मराठी आहे का?

कानामात्रा: चर्चच्या उपासनेच्या पत्रकाचं मुद्रितशोधन करतेय. एक वाक्य अडलंय: ‘आपण रोजच्या जीवनात शिष्यत्व जगले पाहिजे.’ चूक दाखवता येत नाही, पण कानाला खटकतं. वाचून दाखवल्यावर एका आजींनी विचारलं, “म्हणजे सकाळी उठून नेमकं करायचं काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पर्याय सुचवा.

बोरूबहाद्दर: ‘जगणे’ मुळात अकर्मक. ‘आयुष्य जगणे’ चालतं, कारण आयुष्य त्या क्रियेतच आहे. सचोटी, श्रद्धा, शिष्यत्व मराठीत ‘जगत’ नाहीत. ती अंगी बाणतात, आचरणात येतात, वागण्यात दिसतात. हे भाषांतराचं मराठी आहे.

जुनी वही: बोरूबहाद्दर, ‘जगणे’ काढलंत तरी ‘शिष्य’ उरतोच, आणि खरी गंमत तिथे आहे. संस्कृतात शिष्य ‘शास्’ धातूवरून, म्हणजे ज्याला शिकवायचं, शिस्त लावायची तो. शासन आणि शास्त्र त्याच घरातले. तुमच्या पत्रकातला शिष्य मात्र बायबलच्या नव्या करारातला, तिथला मूळ ग्रीक शब्द ‘माथेतेस’, म्हणजे शिकणारा. एकात गुरूचा हात दिसतो, दुसऱ्यात शिकणाऱ्याची धडपड. आणखी एक फरक: आपल्याकडे शिष्य पुढे गुरू होऊ शकतो. मत्तय 23:8 मध्ये येशू म्हणतो की स्वतःला रब्बी, म्हणजे गुरू, म्हणवून घेऊ नका, तुम्ही सगळे भाऊ आहात. म्हणजे बढती नाहीच!
माझ्या मते जवळचा मराठी शब्द ‘उमेदवारी’. निवडणुकीतली नव्हे, कारागिराच्या हाताखालची. सुताराकडे उमेदवारी करणारा पोरगा व्याख्यानं ऐकत नाही. उस्ताद रंधा कसा धरतो ते बघतो, फळी बिघडवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

कानामात्रा: वही, उमेदवारी फार आवडलं. पण पत्रकात छापलं तर लोक मत मागायला आले असं वाटेल. :) पुढच्याच ओळीत ‘आपला क्रूस वाहणे’ आहे. तो राहू दे?

जुनी वही: क्रूस की वधस्तंभ हे तुमच्या मंडळीवर. कॅथलिकांत क्रूस, मूळ पोर्तुगीज. प्रॉटेस्टंट बायबलात वधस्तंभ. माझा आक्षेप वापरावर आहे. गुडघेदुखी, खाष्ट साहेब, बिघडलेलं यंत्र, सगळ्याला आपण ‘हा माझा क्रूस’ म्हणतो. ते वाट्याला आलेलं दुःख. हे शब्द जिथून आले त्या लूक 9:23 मधलं क्रियापद ‘उचलून घेणे’ आहे, म्हणजे टाळता येत असताना घेतलेलं. आणि मत्तय, मार्क यांच्या समांतर वचनांत नसलेला एक शब्द लूककडे आहे: ‘दररोज’. आजींच्या ‘सकाळी उठून’ला उत्तर तिथेच आहे की!

बोरूबहाद्दर: म्हणजे हिशेबात आपल्याच फायद्याची चूक सापडली, कुणाला कळणार नव्हती, तरी जाऊन सांगितली, तो क्रूस. गुडघा नव्हे.

जुनी वही: अगदी. आजींना टबीथा नावाच्या शिष्येची गोष्टही सांगा. प्रेषितांची कृत्ये 9:36. ‘शिष्य’चं ग्रीक स्त्रीलिंगी रूप, ‘माथेत्रिया’, नव्या करारात फक्त तिथे, तिच्यासाठी येतं. ती वारल्यावर विधवा रडत रडत तिने शिवलेले कपडे येशूचा प्रेषित पेत्र याला दाखवतात. तिचं एकही वाक्य तिथे नोंदलेलं नाही, नोंद आहे ती अंगरख्यांची.

कानामात्रा: ठरलं. ‘येशूकडून रोज शिकावे आणि ते आपल्या वागण्यात दिसावे.’ आजींना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “हां, हे कळलं. अवघड आहे.” शीर्षकात मात्र ‘शिष्यत्व’ तसंच राहणार, संपादक ऐकत नाहीत.