मदत हवी आहे : माळढोक, सौरऊर्जा आणि सोलापूरचे माग

नमस्कार मंडळी, आपल्या आशावादी भविष्यकथांच्या उपक्रमासाठी २०७० सालच्या सोलापूरवर कथा लिहितेय. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक हा दुर्मीळ पक्षी पुन्हा नांदतोय आणि पूर्व भागातले यंत्रमाग सौरऊर्जेवर चालतायत, असं चित्र आहे.

पण एक पेच आहे. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, अंगानं जड, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून मरतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान-गुजरातेत तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं, ते याचसाठी. म्हणजे मागांना वीज हवी आणि पक्ष्याला मोकळं आभाळ! खलनायक कुणीच नाही. (कारखानदाराला राक्षस करून मोकळं होणं मला पटत नाही.)

मग कथेत ताण आणू कुठून? आणि ज्यांच्या घरी माग आहेत त्यांनी सांगा: ढग आले, वीज कमी पडली, तर माग मंदावतो की थेट थांबतो? धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग) मध्येच अडकला तर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटतात का? तेव्हा कारखान्यात आवाज कसा बदलतो, तेही हवंय. चादर आणि टॉवेलच्या मागात फरक असेल तर वेगवेगळं लिहा.