ख्रिश्चन रेडिओ स्टेशनं चालतात कशी? जाहिराती तर नसतातच

रात्रपाळी
नाइट शिफ्टला डोळे मिटू नयेत म्हणून ॲपवर जगभरातली स्टेशनं लावत बसतो, अमेरिका उघडली की दर तिसऱ्या-चौथ्या क्लिकला प्रवचन नाहीतर चर्चची गाणी. काल एका आजोबांचं बायबलवरचं बोलणं ऐकलं, मध्ये एक जाहिरात नाही. मग लाइटबिल कोण भरतं, सरकार का चर्च? आणि हे इव्हँजेलिकल म्हणजे टीव्हीवर कपाळाला हात लावून लोकांना पाडतात तेच ना?

पाळकांची_लेक
तेच नाहीत हो 😄 बायबल हाच शेवटचा शब्द, येशूवर प्रत्येकाचा स्वतःचा विश्वास, नवा जन्म आणि सुवार्ता सांगत राहणं, एवढं मानणारे सगळे इव्हँजेलिकल, त्यात शांत बसून उपासना करणारे बाप्टिस्टही आले. माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात कुणाला पाडलं नाही, उपदेशात झोपवलं असेल फार तर.
पैशाचं म्हणाल तर सरकारी अनुदान वगैरे नसतं. काही स्टेशनं वेळ विकतात, म्हणजे एखादी मिनिस्ट्री (धर्मप्रचार करणारी संस्था) अर्धा तास विकत घेते आणि ऐकणाऱ्यांच्या अर्पणातून भाडं काढते. दुसरं म्हणजे तिकडे एफएमचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ पट्टा ना-नफा स्टेशनांसाठी राखीव असतो, तिथे जाहिरातीला बंदीच, मग अधूनमधून काही दिवस सगळं थांबवून देणग्या मागतात. तुम्ही ऐकलंत ते बहुतेक यातलं.

मुद्द्याचं_बोला
अर्पण म्हणे. अमेरिकेतल्या हॅरल्ड कॅम्पिंग नावाच्या रेडिओ प्रवचनकारानी २१ मे २०११ ला न्यायाचा दिवस येणार म्हणून आपल्या रेडिओवरून सांगितलं, लोकांनी साठवलेले पैसे देऊन टाकले, २२ तारीख उजाडली ती उजाडलीच.

पाळकांची_लेक
खरंय, पण ती तारीख ऐकून आधी कपाळाला हात लावणारे बहुतेक पाळकच होते. "तो दिवस कोणालाच ठाऊक नाही" हे बायबलातच आहे.

जुना_ट्रान्झिस्टर
वेळ विकत घ्यायची सवय जुनी आहे. एनबीसी हे अमेरिकेतलं मोठं रेडिओ नेटवर्क धार्मिक कार्यक्रमांना वेळ फुकट द्यायचं पण ती मोठ्या प्रस्थापित चर्चांच्या वाट्याला जायची, इव्हँजेलिकल बाहेरच. म्यूच्युअल नेटवर्क तेवढं पैसे घेऊन वेळ द्यायचं, चार्ल्स फुलर नावाचे इव्हँजेलिकल प्रवचनकार तिथूनच देशभर पोचले. १९४४ ला म्यूच्युअलनेही नियम काढला, रविवारी दुपारच्या आधीच काय ते, आणि हवेवर पैसे मागायचे नाहीत. त्याच वर्षी इव्हँजेलिकल मंडळींनी स्वतःची ब्रॉडकास्टर्स संघटना उभी केली.
पण माझं प्रेम शॉर्टवेव्हवर. एचसीजेबी हे मिशनचं स्टेशन, इक्वेडोरमधलं कीटो, सुरुवात १९३१ च्या नाताळला. गाव २,८०० मीटरवर, हवा विरळ, त्यामुळे जास्त पॉवर सोडली की अँटेनाच्या टोकांतून निळ्या ठिणग्या उडायच्या आणि ॲल्युमिनियमची टोकं अक्षरशः वितळायची. क्लॅरेन्स मूर नावाच्या तिथल्याच इंजिनिअरनी डोकं चालवलं, टोकंच ठेवायची नाहीत, तारेचा बंद चौकोन करायचा. तीच क्यूबिकल क्वाड, आजही हॅम लोक (हौशी रेडिओवाले) गच्चीवर उभारतात, त्यातल्या कितीकांना माहीतही नसेल की ती एका मिशनच्या स्टेशनवर जन्मली. मी स्टेशनला रिसेप्शन रिपोर्ट (कसं ऐकू आलं त्याचं पत्र) पाठवला होता, त्याची पोच म्हणून क्यूएसएल कार्ड आलं ते अजून ट्रान्झिस्टरच्या चामडी कव्हरात आहे. तिथले शॉर्टवेव्हचे टॉवर २००९ ला बंद झाले, शेजारी विमानतळ आला.

रात्रपाळी
भारी माहिती! आता गंमत ऐका, कालचे आजोबा शोधले तर जे. व्हर्नन मॅकगी निघाले, आणि ते १९८८ लाच वारलेत!! मी आपला जिवंत समजून माना डोलवतोय.

पाळकांची_लेक
हो, टेपवर चालू आहे, इतर भाषांतूनही. पाच वर्षांत अख्खं बायबल संपवतात आणि परत पहिल्यापासून. कुठल्या पुस्तकावर होते?

रात्रपाळी
गणना. कोणत्या वंशात किती माणसं, नुसते आकडे. तिथेच डोळा लागला.